ख्रिस्ताच्या देवत्वाची वचनं नेमकी कुठे आली आहेत, आणि रोजच्या जगण्यात ती कशी उतरतात?

पहाटदिवा

येशू देव आहे हे दाखवायला आपण वचनांची यादी काढतो. योहान 1:1, योहान 20:28, फिलिप्पै 2:6, कलस्सै 1:15, इब्री 1:3. वादात ती उपयोगी पडते. पण अशी वचनं मूळ जागी कोणत्या कामासाठी लिहिली गेली, हे पाहिलं की वाचणंच बदलतं.

फिलिप्पै 2:6-11 घ्या. देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं, आणि शेवटी प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल. हे शेवटचे शब्द यशया 45:23 मधले आहेत आणि तिथे ते खुद्द परमेश्वराबद्दल आहेत. देवत्वाचा याहून मोठा दावा शोधून सापडणार नाही. पौल हे कशासाठी लिहितो? मंडळीत हेवेदावे आहेत, आणि चौथ्या अध्यायात तर तो दोन भगिनींना नावं घेऊन 'एकचित्त व्हा' म्हणून विनवतो.

2 करिंथ 8:9: तो धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला. हे येतं वर्गणीच्या प्रकरणात. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पैसे जमवायचे आहेत आणि करिंथकर चालढकल करताहेत.

1 करिंथ 8:6: एकच देव पिता आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झालं. इथे पौल अनुवाद 6:4 चा 'परमेश्वर एकच' हा कबुलीमंत्र घेतो आणि त्याच्या आत येशूचं नाव ठेवतो. विषय काय चाललाय? मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही, आणि आपल्या खाण्याने दुबळ्या भावाचा विश्वास डळमळला तर काय.

मत्तय 18:20: दोघं-तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे. सगळीकडे हजर असणं हे देवाचं लक्षण. थोड्या आधीच्या तीन ओळी (15-17) भाऊ चुकला तर त्याच्याशी कसं बोलावं याबद्दल आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की नव्या करारात देवत्वाची शिकवण भांडण, पैसा आणि ताट यांच्या शेजारी बसलेली आहे. तिला तिथून उचलून फक्त वादविवादाच्या कपाटात ठेवलं की ती पाठ होते आणि वापरात राहत नाही. म्हणून हा धागा. प्रार्थना, वाचन, पैसा, भांडणं यांबद्दल ज्यांना बारकाईने माहीत आहे त्यांनी लिहावं. शंकाही मोकळेपणाने विचारा.

---

साधा_प्रश्न

मग इथूनच सुरुवात करतो. येशूला देव ठरवलं ते 325 साली नायसियाच्या परिषदेत, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दबावाखाली, असं सर्रास ऐकायला मिळतं. आणि येशू स्वतःच म्हणतो, 'पिता माझ्याहून थोर आहे' (योहान 14:28). शिवाय शेवटचा दिवस कधी येईल हे पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क 13:32). यांचं काय करायचं?

---

जुनी_पानं

नायसियापुरतं मी लिहितो, वचनांचं कुणीतरी घ्या.

परिषदेतला वाद 'माणूस की देव' असा नव्हताच. एरियस हा आलेक्झांद्रियाचा वडील (मंडळीतला धर्मसेवक) होता. येशू जगाच्या आधीपासून आहे, सर्व सृष्टी त्याच्या द्वारे झाली, हे त्यालाही मान्य होतं. त्याचं म्हणणं असं, की पुत्र स्वतः निर्माण केला गेला, आणि तो नव्हता अशी एक वेळ होती. परिषदेने उत्तर दिलं: जनित, निर्मित नव्हे, पित्याशी एकतत्त्व. या 'एकतत्त्व'चा ग्रीक शब्द होमोऊसिओस. सुमारे तीनशे बिशप जमले होते, आणि शेवटपर्यंत सही न करता एरियसबरोबर हद्दपार झाले ते दोनच. आज उपासनेत म्हणतात तो लांब मतांगीकार (विश्वासाची कबुली) 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेला आहे, हेही लक्षात असू द्या.

आता त्याआधीचं पाहा. सुमारे 112 साली बिथिनियाचा रोमी सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट त्रायानला पत्र लिहितो. तो ख्रिस्ती नाही, उलट त्यांची चौकशी करतोय. त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, आळीपाळीने ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात, आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी, लूटमार, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी ठेवायला दिलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही.

पहाटदिवा यांच्या मुद्द्याला याहून चांगला आधार मला माहीत नाही. ख्रिस्ताला देव म्हणून गायलेलं गीत आणि शेजाऱ्याची ठेव, दोन्ही एकाच वाक्यात, तेही परक्या माणसाच्या लेखणीतून, नायसियाच्या दोनशे वर्षं आधी.

आणखी एक. मगिद्दोजवळ उत्खननात सापडलेली, 2005 मध्ये जाहीर झालेली एक रंगीत फरसबंदी आहे. ती तिसऱ्या शतकातली, म्हणजे नायसियाच्या आधीची मानली जाते. तिच्यावर ग्रीक अक्षरांत लिहिलंय, की अकेप्टूस नावाच्या देवभक्त बाईने 'देव येशू ख्रिस्ता'साठी स्मरणार्थ मेज दिलं. वाद घालणारा लेख नाही, एका बाईच्या दानाची पाटी आहे ती.

---

मूळ_भाषा

वचनांचं मी घेतो.

योहान 14:28 मधला 'थोर' म्हणजे ग्रीकमध्ये मेइझोन, पदाने किंवा स्थितीने मोठा. जातीनेच श्रेष्ठ म्हणायला क्रेइत्तोन हा वेगळा शब्द आहे, तो इब्री 1:4 मध्ये पुत्र देवदूतांहून श्रेष्ठ आहे हे सांगताना येतो. देह धारण करून सेवकाच्या जागी उभा असलेला पुत्र पित्याकडे परत जाताना हे बोलतो. केवळ शब्दावर सगळा भार टाकू नका, पण संदर्भ आणि शब्द दोन्ही एकाच दिशेला जातात.

मार्क 13:32 ची पायरी नीट बघा: कोणी माणूस नाही, देवदूत नाहीत, पुत्रही नाही, केवळ पिता. पुत्र देवदूतांच्या वरच्या पायरीवर आहे. आणि न जाणणं हे खऱ्या माणूसपणाचं आहे. लूक 2:52 मध्ये तो ज्ञानाने वाढत गेला असं स्पष्ट लिहिलंय. 451 साली खाल्केदोनच्या परिषदेने याच कारणासाठी चार कुंपणं घातली: ख्रिस्तातले देव आणि माणूस हे दोन्ही स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, एकमेकांपासून तुटत नाहीत.

कलस्सै 1:15 चा 'ज्येष्ठ' हाही नेहमीचा अडथळा. स्तोत्र 89:27 मध्ये देव दावीदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद इशायाचा सगळ्यात धाकटा मुलगा. म्हणजे शब्द हक्काचा आहे, जन्मक्रमाचाच असला पाहिजे असं नाही. पुढची ओळ तर सगळं त्याच्या ठायी निर्माण झालं असंच सांगते.

योहान 1:1 चं काही जण 'शब्द एक देव होता' असं भाषांतर करतात, कारण ग्रीकमध्ये तिथे थेओस (देव) या शब्दाच्या आधी उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) नाही. पण त्याच अध्यायात 6, 12, 13 आणि 18 या ओळींतही थेओस उपपदाशिवाय आहे आणि तिथे कुणी 'एक देव' करत नाही. मराठीत उपपदच नसल्यामुळे आपल्या वाचकाला हा वाद दिसत नाही, बाहेर कुणी काढला की एकदम गोंधळ उडतो. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

---

साधा_प्रश्न

धन्यवाद, हे पुरेसं आहे. आता रोजच्याकडे येऊ. प्रार्थना नक्की कुणाला करायची? पित्याला, येशूला की आत्म्याला? एकाच प्रार्थनेत तिघांची नावं सरमिसळ होतात.

---

ओंजळ

मूळ घडण अशी: पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात (इफिस 2:18). प्रभूने शिकवलेली प्रार्थना पित्याला आहे. पण येशूला थेट हाक मारणंही पहिल्या पिढीपासूनचं. स्तेफन मरताना 'प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर' म्हणतो (प्रे.कृ. 7:59). 'मारानाथा' (आमच्या प्रभू, ये) ही आरोळी पौलाने ग्रीक पत्रातसुद्धा अरामीतच ठेवलीय (1 करिंथ 16:22), इतकी ती जुनी आणि रुळलेली होती. तेव्हा दोन्ही चालतं. चुकतं कुठे, तर वाक्याच्या मधोमध.

नेहमी कानावर पडणारं वाक्य: 'हे स्वर्गीय पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मरण पावलास, म्हणून तुझे आभार, तुझ्याच नावाने मागतो.' मन चांगलं आहे, पण वाक्य बिघडलंय. पिता मेला नाही, त्याने पुत्राला दिलं. पिता हाच वधस्तंभावर मेला, ही शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. दुरुस्त करायला फार विद्वत्ता लागत नाही: 'हे पित्या, तू आपला पुत्र आमच्यासाठी दिलास, म्हणून तुझे आभार. येशूच्या नावाने मागतो.' चूक का होते? आपण थांबत नाही म्हणून. 'पित्या', 'प्रभू', 'येशू' हे शब्द श्वास भरायच्या जागी टाकत जातो. उपाय सोपा आहे: सुरुवातीला कुणाशी बोलतोय ते ठरवा आणि 'आमेन'पर्यंत त्याच्याशीच बोला. हाक बदलायची असेल तर आधी थांबा, मग बदला. मोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं, कारण लहान मुलं शिकवणीपेक्षा प्रार्थना ऐकूनच देव कोण ते शिकतात.

दिवसाची आखणी म्हणाल तर दिदखे या अगदी जुन्या पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय. सकाळ, दुपार, रात्र. सावकाश म्हटली तरी एक मिनिटाच्या आत होते. दुपारची हमखास सुटते, म्हणून ती जेवणाला जोडा, घड्याळाला जोडू नका.

मधल्या वेळेसाठी पूर्वेकडच्या मंडळीची छोटी प्रार्थना आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' लूक 18 मधल्या जकातदाराच्या आणि आंधळ्याच्या हाका तिच्यात एकत्र आल्या आहेत. पहिल्या अर्ध्यात त्याचं देवत्व, दुसऱ्या अर्ध्यात आपली खरी स्थिती. जपसंख्या गाठायच्या मागे लागू नका. श्वास रोखण्याचे प्रयोगही जाणत्या मार्गदर्शकाशिवाय करू नका, तिथले गुरूच तसं बजावतात.

---

उंबरठा

ओंजळ यांना अनुमोदन. मुलांना त्रैक्य (पिता, पुत्र, आत्मा मिळून एकच देव) समजावताना पाणी-बर्फ-वाफ सांगतात, ते चालेल का?

---

ओंजळ

टाळा. तेच पाणी एका वेळी एकच रूप घेतं, असा त्यातून अर्थ निघतो. एकच देव तीन मुखवटे बदलतो, हे सबेल्लियसच्या नावाने ओळखलं जाणारं मत आहे. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगा (मार्क 1:9-11): पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा उतरतोय, पित्याची वाणी येतेय, तिघंही एकाच क्षणी. उपमेची गरजच राहत नाही.

---

रोजचं_पान

वाचनाचं लिहितो, कारण सगळ्यात जास्त संकल्प इथेच मोडतात.

उत्पत्तीपासून सुरुवात करून रोज तीन-चार अध्याय, असा बेत केला की गाडी बहुधा लेवीयात अडते. पूर्ण बायबल 1189 अध्यायांचं आहे, वर्षात संपवायला रोज सव्वातीन अध्याय पडतात. नवशिक्याला हे जड जातं. त्यापेक्षा:

मार्क, 16 अध्याय, आधी एका बैठकीत वाचा. मोठ्याने वाचला तरी दोन तासांच्या आत होतो. वाचताना एकच प्रश्न बाजूला लिहीत जा: हे काम किंवा हे बोलणं जुन्या करारात कुणाचं होतं? पक्षाघाती माणसाला 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' म्हणतो (2:5), वादळाला 'उगा राहा' म्हणतो (4:39). देवत्व मार्कात घोषणेने कमी आणि असं कृतीतून जास्त दिसतं. मग योहान, रोज एक अध्याय, 21 दिवस.

त्यानंतर पूर्ण नवा करार. त्याचे अध्याय 260. आठवड्याला पाच वाचले तर बरोबर 52 आठवडे. दोन दिवस मोकळे ठेवा, ते राहिलेलं भरून काढायला. अशी मोकळी जागा न ठेवलेला बेत एका आजारपणात कोसळतो आणि माणूस शरमेने पुस्तकच मिटून ठेवतो. मागे पडलात तर आजच्या अध्यायावर उडी मारा, थकबाकी फेडत बसू नका.

स्तोत्रं रोज पाच घेतली तर 30 दिवसांत होतात. 119 वं वेगळं काढा. त्यात 176 ओळी आहेत, आठ-आठ ओळींचे 22 भाग, रोज एक भाग पुरे.

रात्री झोपण्यापूर्वी येशूसंघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नाशियस याने घालून दिलेलं आत्मपरीक्षण करा. पाच टप्पे: दिवसाबद्दल आभार, नीट दिसावं म्हणून कृपेची मागणी, दिवसाची तासागणिक उजळणी, क्षमेची याचना, उद्यासाठी एक निश्चय. दहा ते पंधरा मिनिटं. यात बिघडतं ते दोन ठिकाणी. आभार गाळले की त्याची फिर्याद होते, स्वतःविरुद्धची. आणि निश्चय 'उद्यापासून प्रेमाने वागेन' असा ढोबळ केला की तो कधी मोडला तेही कळत नाही. 'उद्या अमुक माणसाचं बोलणं मधेच तोडणार नाही' असा हवा.

---

ताळेबंद

पैसा आणि भांडण. मला यात बोलायलाच हवं.

पैशाची रीत पौलाने पायरीपायरीने दिलीय. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपापल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवायचं (1 करिंथ 16:2). जवळ आहे त्यातून द्यायचं, नाही त्यातून नाही (2 करिंथ 8:12), म्हणजे कर्ज काढून दान करू नये. कुणाच्या दडपणाखाली देऊ नये (9:7). आणि हे फार कमी वेळा वाचलं जातं: एवढी मोठी रक्कम एकट्याने न्यायची नाही. पौलाचा सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी नेमलेले भाऊ जातात, कारण प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही व्यवहार चोख दिसला पाहिजे (8:19-21). म्हणून दान मोजताना दोन माणसं, नोंद त्याच दिवशी, आणि हिशेब मागणाऱ्याला दाखवायची तयारी. 'देवाच्या माणसावर अविश्वास दाखवू नका' असं म्हणून हिशेब टाळणारा पौलाच्या विरुद्ध बोलतोय.

भांडणासाठी मत्तय 18:15-17. आधी एकट्याने, त्याच्याशी. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घेऊन. तरीही नाही, तर मंडळीला सांगा. मोडते ती पहिलीच पायरी. आपण आधी तिसऱ्याला सांगतो, आणि पुष्कळदा 'तिच्यासाठी प्रार्थना करा' या वेष्टनात सांगतो. ज्याच्याबद्दल प्रार्थना मागितली त्यालाच ते ठाऊक नसेल तर ती चुगली आहे. बोलायला जाताना एकच घटना घ्या, तारीख-वेळ आठवून, 'तू नेहमीच असं करतोस' हे वाक्य घरी ठेवून जा. याच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर सत्तर वेळा सातची क्षमा. मधल्या पायऱ्या त्या दोहोंच्या मध्येच वाचायच्या, हकालपट्टीची नियमावली म्हणून नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. मारहाण, लैंगिक छळ, मुलांशी गैरवर्तन असेल तिथे 'आधी एकट्याने जाऊन बोल' हा सल्ला पीडित माणसाला देऊ नका. तिथे आधी सुरक्षितता आणि पोलीस. या वचनाच्या आड अपराधी लपवणं हा वचनाचाच अपमान आहे.

---

उंबरठा

हे सगळं चांगलं वागणं झालं. ते येशूला केवळ थोर गुरू मानूनही करता येतं ना? देवत्वाने नेमका फरक काय पडतो?

---

पहाटदिवा

फरक क्षमेच्या ठिकाणी सगळ्यात स्पष्ट दिसतो. गुरू 'क्षमा करा' असं शिकवू शकतो. माझी क्षमा झाली, हे मला कोण सांगणार? मार्क 2:7 मधल्या शास्त्र्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता: देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? ते चुकले उत्तरात. तो देव नसेल तर रात्रीच्या त्या आत्मपरीक्षणातला चौथा टप्पा हवेत जातो आणि उरते नुसती सुधारणेची यादी.

दुसरा फरक सेवेत आहे. योहान 13:3-5 सावकाश वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून येशू उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं. ही कृती त्या जाणिवेतून निघते. पाय धुणं म्हणजे देवत्व क्षणभर बाजूला ठेवणं, असं योहान म्हणत नाही. देव असाच आहे, हे त्यात दिसतं. म्हणून हलकं काम करताना आपण कुणाची तरी नक्कल करत नसतो, देवाच्या स्वभावात सहभागी होत असतो.

---

जुनी_पानं

याची उलट बाजूही नोंदवतो. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस (लोयोलाचा नव्हे) याने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला येशूला बेधडक 'आमचा देव' म्हटलंय. त्याच वेळी स्मुर्णाच्या मंडळीला तो अशा लोकांपासून जपायला सांगतो, ज्यांच्या मते येशूचं शरीर नुसता भास होता. त्यांची खूण काय? विधवेची, अनाथाची, भुकेल्या-तहानलेल्याची त्यांना पर्वा नाही. देवाने खरं शरीर घेतलं नाही असं मानलं की दुसऱ्याचं शरीरही दुय्यम वाटू लागतं.

म्हणूनच 'देहधारण' हा शब्द जपून वापरावा. 'अवतार' म्हटलं की मराठी कानाला पुन्हा पुन्हा येणं आणि कार्य संपल्यावर रूप सोडणं ऐकू येतं. ख्रिस्ती विश्वास वेगळा आहे: एकदाच, कायमचं. पुनरुत्थानानंतरही तो शिष्यांपुढे भाजलेला मासा खातो (लूक 24:42-43).

---

साधा_प्रश्न

शेवटचा प्रश्न. हे सगळं समजूनही मन मानत नसेल, तर थोमा या शिष्यासारखं 'माझा प्रभू व माझा देव' म्हणणं खोटेपणा होईल का?

---

ओंजळ

योहान 20:26 मधली वेळ बघा: आठ दिवसांनंतर. थोमाने आठवडाभर 'मी मानणारच नाही' हेच धरून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी तो इतरांबरोबर त्याच खोलीत होता. त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही, आणि तोही निघून गेलेला नाही. तोवर म्हणायला मार्क 9:24 मधल्या बापाचं वाक्य आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने ते अपुरं म्हणून परत केलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं. आणि शब्दच सुचत नसतील त्या रात्री स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी त्याची पहिली हाक 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा' अशी आहे.